स्लीपरवरची चाल

यंत्राने भागवत तायड्यांना माणूस मानायलाच नकार दिला, तिथून ही गोष्ट सुरू होते.

सकाळची वेळ होती. खैरखेडे रोडच्या नियंत्रण कक्षात देवयानी नुकतीच येऊन बसली होती. कपातला चहा अजून तोंडाला लागला नव्हता, तोच समोरच्या पडद्यावर लाल चौकट उघडली. नळावर अज्ञात यंत्र, ठोके अत्यंत नियमित, हाताने चालवायचं ड्रिल असण्याची शक्यता. नळ म्हणजे किनाऱ्यावरच्या बंदरापासून आतल्या तेलशुद्धीकरण कारखान्यापर्यंत जमिनीखालून गेलेली कच्च्या तेलाची पाइपलाइन. कागदोपत्री तिला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण अख्खा तालुका तिला नळच म्हणायचा, आणि नळावर ड्रिल म्हणजे तेलचोर. देवयानीने नियमाप्रमाणे गस्तीची जीप पाठवली. थोड्या वेळाने सुरक्षारक्षकाचा फोन आला. तो आधी जरा खाकरला. मग म्हणाला की मॅडम, यंत्रबिंत्र इथे काही नाही, एक गृहस्थ आहेत, हातात काठी आणि दुधाची किटली आहे, आणि या वाटेने कसं चालायचं ते तेलवाल्यांनी आपल्याला शिकवू नये असं त्यांचं म्हणणं आहे.

“नाव विचारलं का?” देवयानीने विचारलं.

“विचारलं. आडनाव तुमचंच आहे.”

कक्षातली मंडळी हसली. देवयानीही हसली, पण तिचं हसू लवकर आटोपलं. हातात किटली घेतलेल्या त्या गृहस्थांशी, म्हणजे सख्ख्या बापाशी, ती दोन वर्षं बोललेली नव्हती.

आता हा घोटाळा झाला कसा, ते सांगायला हवं. नळ ज्या खंदकात पुरला होता, त्याच खंदकात त्याच्या सोबतीला काचेची एक बारीक तार पुरलेली होती. तिच्या एका टोकातून प्रकाशाचे झोत सतत आत सोडले जायचे. काच कितीही शुद्ध घेतली तरी तिच्यात जन्मजात खोट राहतेच, आणि अशा प्रत्येक खोटीवर आपटून थोडासा प्रकाश मागे फिरतो. वरची जमीन थरथरली की तार ताणली जाते, डोळ्याला दिसणार नाही इतकी कमी, पण मागे फिरणाऱ्या प्रकाशाची लय तेवढ्यानेही बदलते. प्रकाश किती वेळाने परतला यावरून जागा कळते, लय कशी बदलली यावरून तिथे काय हाललं ते कळतं. म्हणजे तार एकच, पण तिला कान हजारो.

सुरुवातीला हे कान नुसतं ऐकायचे, समजायचं काहीच नाही. मग त्यांच्यामागे एक शिकणारं यंत्र बसवलं. म्हैस कशी चालते, ट्रॅक्टर कसा घरघरतो, कुदळ मातीत शिरताना काय बोलते आणि निघताना काय बोलते, हे सगळं त्याने ऐकून ऐकून पाठ केलं. माणूस तर त्याला चटकन कळायचा, कारण माणूस सारखा चालत नाही. तो खड्डा चुकवतो, विचारात पडला की मंदावतो, कुणी हाक मारली की थबकतो. बेशिस्त हीच माणसाची खूण, असं यंत्राने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

आणि भागवत तायडे होते रेल्वेतले कीमन. आपल्या हद्दीतल्या रुळांवरून रोज पायी जायचं, ढिल्या चाव्या, म्हणजे रूळ घट्ट धरणाऱ्या पाचरी, हातोडीने ठोकून बसवायच्या, रुळाला तडा दिसला तर लाल झेंडी दाखवून गाडी थांबवायची, हे कीमनचं काम. रुळांखालचे आडवे ओंडके, म्हणजे स्लीपर, सारख्या अंतरावर टाकलेले असतात आणि मधली खडी पायाला टोचते, त्यामुळे कीमनचा पाय पडतो तो स्लीपरवरच. उभी नोकरी असं चालल्यावर ते अंतर भागवतरावांच्या कमरेत जाऊन बसलं. निवृत्त झाल्यावरही ते अंगणात, बाजारात, लग्नाच्या मांडवातसुद्धा स्लीपरवरूनच चालत. त्यांची बायको सिंधूबाई म्हणायची की ह्या माणसाबरोबर फिरायला जाणं म्हणजे मालगाडीच्या मागे पळणं. अशा चालीला यंत्राने यंत्र म्हटलं, तर त्या बिचाऱ्याचाही फार दोष नव्हता.

खरं तर देवयानीने त्याची चूक तेव्हाच दुरुस्त करायला हवी होती. हा माणूस आहे, एवढं एकदा शिकवलं की काम संपलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल चौकट आली आणि तिने जीप न पाठवता ‘दुर्लक्ष’ हे बटण दाबलं. तिसऱ्या दिवशीही तेच. तिला कळून चुकलं की बाबा हल्ली सकाळी गवळ्याकडून दूध घेतात, बंद पडलेल्या साइडिंगकडे, म्हणजे मालगाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळांकडे, एक फेरी मारतात आणि परत येताना बरंच अंतर नळाच्या डोक्यावरच्या पायवाटेने चालतात. चौकट उघडली की ती मनातल्या मनात म्हणायची, आले. मग चहा प्यायची. आधी चहाला ही चव नव्हती.

अबोला का धरला होता, तेही सांगून टाकतो. खैरखेडे रोड हे गावच रेल्वेने वसवलेलं. पूर्वी बंदरावरचं तेल टाकीच्या वाघिणींतून, म्हणजे मालगाडीच्या डब्यांतून यायचं, गाड्या साइडिंगवर थांबायच्या, आणि त्या थांबण्यावर खानावळी, शिंपी, शिकवण्या असं सगळं गाव जगायचं. मग नळ आला. तेल मुकाट्याने जमिनीखालून जायला लागलं आणि साइडिंगवर बाभळी उगवल्या. गावात दोन तट पडले. नळवाले म्हणत, नळ स्वस्त पडतो, फाटकं अडवत नाही, पेटत नाही. रेल्वेवाले म्हणत, नळ एकदा पुरला की पुढच्या दोन पिढ्या त्यात तेल ओतत बसावं लागतं. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या आताच विजेवर चालतात, उद्या तेल नको झालं तर नळात काय भरणार? वाघिणीत गहू तरी भरता येतो. दोघांचंही खरं होतं आणि तीच पंचाईत होती.

भागवतरावांनी निवृत्त होताच रेल्वे बचाव समिती काढली आणि तिचे अध्यक्ष झाले. नेमकी त्याच वर्षी देवयानी इंजिनिअर होऊन नळाच्या कंपनीत लागली. एके दिवशी जेवताना विषय निघाला. रेल्वेच्या पगारावर शिकली आणि नळात जाऊन बसली, असं भागवतराव बोलून गेले. देवयानीला ते झोंबलं. पूर्वी एक तेलगाडी गावाजवळ घसरून पेटली होती आणि कुणाचा तरी केळीचा मळा खाक झाला होता. ती म्हणाली, “ती गाडी तुमच्याच हद्दीत घसरली होती ना?” चौकशीत दोष चाकाचा निघाला होता, रुळाचा नव्हता, हे तिलाही चांगलं ठाऊक होतं. भागवतराव ताटावरून उठले. बोललेला शब्द परत घेता येत नाही, आणि तायड्यांच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. देवयानी कंपनीच्या वसाहतीत राहायला गेली. दिवाळीला ती घरी यायची तेव्हा बापलेक समोरासमोर बसून सिंधूबाईंमार्फत एकमेकांकडे चिवड्याची बशी सरकवायचे.

गंमत अशी की ऐकण्याचं हे वेड तिला बापानेच लावलं होतं. ती लहान असताना दुपारी साइडिंग रिकामी असायची. भागवतराव तिला एका टोकाला बसवून स्वतः लांब चालत जायचे आणि हातोडीने रूळ ठोकायचे. ती रुळाला कान लावून ऐकायची. तीन ठोके, मग थांबून एक, म्हणजे जेवायला चल. तापलेल्या रुळाने कान भाजायचा, तरी ती उठायची नाही.

तर लाल चौकट रोज येत होती, चहा गोड लागत होता, आणि अशात एका सकाळी चौकट आलीच नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी देवयानीने न राहवून आईला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलत विचारलं की घरी सगळं बरं ना. सिंधूबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, तुझा बाप आत्ताच दूध घेऊन आला. देवयानीने फोन ठेवला आणि सकाळची नोंद उघडली. नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी कुणीतरी चाललं होतं. यंत्राने शांतपणे लिहिलं होतं: माणूस.

ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. यंत्र सुधारलं नव्हतं, कारण तिने त्याला काही शिकवलंच नव्हतं. मग बदललं होतं ते चालणं. तिने पावलांचा आलेख मोठा करून पाहिला. डावं पाऊल अजून स्लीपरवर पडत होतं. उजवं मात्र किंचित घासत होतं, उशिरा पोचत होतं, आणि टेकताना बारीक थरथरत होतं.

त्या वर्षी, पहिल्या लाल चौकटीच्याही आधी, यंत्राची नवी आवृत्ती आली होती. तिच्यात हजारो रुग्णांच्या चालींचा संग्रह होता, तो कशासाठी घातला होता देव जाणे, बहुधा कंपनीने सगळंच एकगठ्ठा विकत घेतलं असावं. माणसाचा मेंदू पायांना हुकूम सोडतो, त्या हुकमात खोट येऊ लागली की हाताला कंप सुटण्याच्या कितीतरी आधी ती चालीत उतरते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण जमिनीला कळते. देवयानीने तो आलेख संग्रहाशी ताडून पाहिला. असं करायची परवानगी नव्हती. नळ टाकताना कंपनीने ग्रामसभेला वचन दिलं होतं की ही तार जमीन ऐकेल, पण कोण चाललं ते कधीही ओळखणार नाही. यंत्राने उत्तर दिलं की ही कंपवाताची सुरुवात असण्याची दाट शक्यता आहे.

कंपवातावर आता औषध निघालं होतं. पण ते अगदी सुरुवातीला घेतलं तरच चाल परत आणायचं, उशीर झाला की जेमतेम आहे तिथे थोपवायचं. देवयानीची बापाशी दोन वर्षं न बोलण्याची हौस क्षणात फिटली.

आधी तिने सोपा मार्ग धरला. आईला सांगितलं की बाबांना एकदा मोठ्या डॉक्टरांकडे तपासून आण, वय झालंय. संध्याकाळी सिंधूबाईंचा फोन आला. “तुहा बाप म्हनते, मी काई रुळावरून उतरलो नाई अजून. तो काय आयकतो माहं?”

मग ती साहेबांकडे गेली. सबनीस साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना निवृत्तीपर्यंत कसलीही गडबड नको होती. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लावलं. दुसऱ्या नळाच्या मंजुरीसाठी जनसुनावणी तोंडावर आली होती, आणि तिथे नळाविरुद्ध बोलायला उभे राहणार होते दस्तुरखुद्द भागवत तायडे. नळ माणसं ओळखतो हे त्यांच्या कानावर गेलं, तर सुनावणीत नळाची धूळधाण उडेल आणि देवयानीची नोकरीही जाईल, हे साहेबांनी तिला शांतपणे समजावलं. सुनावणी उरकू दे, मग बघू, असं ते म्हणाले. मग थोडं थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाले की माझे वडील असते तर मी काय केलं असतं ते मला विचारू नकोस.

सुट्टीच्या दिवशी ती घरी गेली. भागवतराव अंगणात खुर्ची टाकून समितीची पत्रकं घडी करत बसले होते. तिला बघून त्यांनी सवयीने आतल्या दिशेने आवाज दिला की तुझी लेक आली. देवयानी आत गेली नाही. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि घरच्या बोलीत म्हणाली, “बाबा, तुमचा उजवा पाय घासला जाऊ राह्यला.”

पत्रकं घडी करणारा हात थांबला. दोन वर्षांनी मुलीच्या तोंडून ‘बाबा’ ऐकलं होतं, आणि पायाचं म्हणाल तर ते त्यांनाही ठाऊक होतं. गेले काही दिवस उजव्या चपलेचा तळ एकाच बाजूने झिजत होता आणि ते ती चप्पल सिंधूबाईंच्या नजरेआड ठेवत होते.

“हे तुले कोनं सांगितलं? तुह्या मायनं?”

“नळानं.”

देवयानीने सगळं सांगितलं. लाल चौकट, यंत्राची चूक, ती चूक तिने का दुरुस्त केली नाही, मग यंत्राचं गप्प होणं, आणि औषध. भागवतराव तंट्याबखेड्यातले मुरलेले गडी होते. आजाराच्या आधी त्यांच्या ध्यानात दुसरीच गोष्ट आली.

“म्हंजे तुमचा नळ मानसं वळखतो.”

“ओळखतो.”

“अन् मी हे सुनावनीत बोललो तं?”

“तं माही नोकरी जाईन.”

“तरी सांगू राह्यली?”

“सुनावनी काय, पुढंबी ढकलतीन. पाय थांबनार नाई.”

भागवतरावांनी पत्रकांचा गठ्ठा मांडीवर सरळ केला. मग त्यांनी विचारलं, “रोज आयकत होती?”

“रोज,” देवयानी म्हणाली.

ते उठले आणि आत निघून गेले. सिंधूबाई दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातातला चहा निवून गेला होता. देवयानीला वाटलं, बाप रागावला. ती तशीच वसाहतीत परतली आणि रात्री तिला धड झोप लागली नाही.

सकाळी ती कक्षात आली. नेहमीच्या वेळी पायवाटेवर पावलं उमटली, एक नीट, एक घासणारं. यंत्राने ‘माणूस’ असं नोंदवलं. मग पावलं मध्येच थांबली. काठीचे तीन ठोके आले, थोडं थांबून एक आला. यंत्र गोंधळलं आणि त्याने ‘अर्थ लागत नाही’ असं लिहिलं. देवयानीला मात्र लागला होता. ती खुर्चीतच बसून रडली, आणि दुपारी डबा तसाच टेबलावर ठेवून घरी जेवायला गेली. ताटात भरीत आणि कळण्याची भाकरी होती. अपघाताबद्दल ती काहीतरी बोलायला गेली, तेव्हा भागवतरावांनी तिच्या भाकरीवर लोणी घातलं आणि विषय संपवला.

डॉक्टरांनी यंत्राचंच निदान कायम केलं. लवकर आलात, असं ते म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या.

सुनावणी मंगल कार्यालयात होती. एका बाजूला कंपनीची माणसं, दुसऱ्या बाजूला समिती, समोर जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी बाई, आणि मधे सगळं गाव. भागवतराव बोलायला उठले तेव्हा देवयानी कंपनीच्या रांगेत सबनीस साहेबांच्या शेजारी बसली होती. साहेबांचा चेहरा पडला होता, कारण बापाला सगळं सांगितल्याचं तिने त्यांच्यापासून लपवलं नव्हतं. हुकमाचं पान कुणाच्या हातात आहे हे त्या अख्ख्या मांडवात सिंधूबाई धरून चौघांनाच ठाऊक होतं.

भागवतराव झकास बोलले. आता कच्चं तेल प्लास्टिकमध्ये मिसळून त्याच्या घट्ट ढेपा पाडता येतात, गुळाच्या असतात तशा. ती ढेप सांडत नाही, सहजासहजी पेटत नाही, पाण्यात पडली तर तरंगते आणि उघड्या वाघिणीतून आणता येते, हे त्यांनी समजावून सांगितलं. तेलाची गरज वर्षागणिक घटणार असताना दुसरा नळ पुरणं म्हणजे मुलगी सासरी गेल्यावर तिच्यासाठी पाळणा करायला टाकणं, असं म्हणून त्यांनी लोकांना हसवलं. आणि मग ते नमस्कार करून खाली बसले. तारेबद्दल, ओळखण्याबद्दल अवाक्षर नाही. आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई आणि हातातली तलवार त्यांनी म्यानातच ठेवली, ती केवळ लेकीसाठी.

सबनीस साहेबांनी निःश्वास सोडला. देवयानीला तो निःश्वास सहन झाला नाही. ती उठली आणि माइकपाशी गेली. कंपनीने गावाला दिलेलं वचन पाळलं गेलेलं नाही, असं तिने सांगितलं. “तार माणसं ओळखू शकते. मी माझ्या वडिलांना तिच्यावरून ओळखलं, त्यांचा आजारही ओळखला. परवानगी नसताना ओळखला. आज मी केलं ते चांगल्यासाठी केलं. उद्या दुसरं कुणी कशासाठी करेल ते मला सांगता येणार नाही.”

मांडवात एकच गलका झाला. भागवतराव मात्र रागाने लाल झाले होते. बाहेर आल्यावर त्यांनी तिला गाठलं आणि मी एवढं तोंड दाबून बसलो ते कशासाठी, तुला कुणी सांगितलं होतं बोलायला, असं फैलावर घेतलं. देवयानी म्हणाली, “तडा दिसला की लाल झेंडी दाखवायची, गाडी कुणाची आहे ते बघायचं नाही. कोनं शिकवलं होतं?”

भागवतरावांनी आपल्या लेकीकडे पाहिलं आणि त्यांना तिचा इतका अभिमान वाटला की त्यांनी सिंधूबाईंनाच दटावलं, की बघत काय उभी राहिलीस, पोरीला उसाचा रस पाज.

निकाल यायला बराच काळ गेला. दुसरा नळ नामंजूर झाला. वाढीव तेल ढेपा पाडून रेल्वेने आणायचं ठरलं. जुना नळ राहिला. तारेने जमीन ऐकावी, पण ज्याने सही करून संमती दिली आहे त्याच्याखेरीज कुणाचीही चाल तपासू नये, असा दंडक झाला. साइडिंगवरच्या बाभळी तोडल्या गेल्या. देवयानीवर चौकशी बसली आणि तिला काही महिने कक्षाबाहेर काढून गोदामात बसवलं. नोकरी गेली नाही, याचं श्रेय सबनीस साहेबांकडे जातं. त्यांनी निवृत्तीच्या तोंडावर आयुष्यातली पहिली गडबड केली आणि तिच्या बाजूने लेखी मत दिलं.

आणि मग जे झालं त्याचा अंदाज कुणालाच नव्हता. ज्या गावाने नळ आपल्याला ऐकतो म्हणून कंपनीच्या दारावर मोर्चा नेला होता, त्याच गावातल्या बायका महिन्याभरात सह्या करायला रांगेत उभ्या राहिल्या. आमच्या म्हाताऱ्यांचंही चालणं ऐका, असं त्यांचं म्हणणं. सकाळी नळावरच्या पायवाटेवर सासरे, सासवा, निवृत्त मास्तर अशी वर्दळ सुरू झाली. दोघाचौघांचा आजार खरोखरच लवकर सापडला. काही पुरुषमंडळी मात्र संध्याकाळी लांबच्या वाटेने फिरायला जाऊ लागली. ती कुठे जात असत, ते तारेला नाही तरी गावाला आधीपासून माहीत होतं. ही सगळी मागणी बघून कंपनीने देवयानीला पुन्हा कक्षात आणलं, कारण चाल वाचायला तिच्याइतकं हुशार कुणी नव्हतं.

एका माणसाने तेवढी सही केली नाही. देवयानीने विनवलं, सिंधूबाईंनी जेवण बंद करायची धमकी दिली, पण भागवतराव हलेनात. रेल्वे बचाव समितीचा अध्यक्ष नळाच्या कागदावर सही करणार नाही म्हणजे नाही. घरी ये, डोळ्यांनी बघ, पाहिजे तेवढी चाल बघ, असं ते म्हणाले. देवयानी घरी जायची, बघायची. गोळ्या चालू होत्या, डॉक्टर धीर धरा म्हणत होते. डोळ्यांना फरक वाटायचा, पण डोळे बापाच्या बाबतीत लबाड असतात हे तिला माहीत होतं. पडद्यावर त्यांची पावलं रोज उमटून जायची, आणि नियमाप्रमाणे ती त्यांच्याकडे बघायची नाही. माणूस, एवढाच शब्द यायचा, आणि तो शब्द वाचून तिला दर सकाळी थोडं वाईट वाटायचं.

पहिली ढेपांची गाडी आली त्या दिवशी गावाने इंजिनाला हार घातला. भागवतराव हिरवी झेंडी घेऊन गेले होते. त्यानंतर काही दिवसांनी, एका साध्या सकाळी, देवयानी चहाचा कप घेऊन बसली होती. शेजारी सबनीसांच्या जागी नुकते बदलून आलेले नवे साहेब उभे राहून कामकाज समजून घेत होते.

पडद्यावर लाल चौकट उघडली. नळावर अज्ञात यंत्र, ठोके अत्यंत नियमित, हाताने चालवायचं ड्रिल असण्याची शक्यता.

नवे साहेब दचकले. त्यांनी घाईघाईने गस्तीच्या फोनकडे हात नेला आणि विचारलं की जीप पाठवायची ना. देवयानीने त्यांचा हात अडवला. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते, त्यामुळे साहेबांना काय समजायचं ते कळेना.

“राहू द्या साहेब,” ती म्हणाली. “घरी चाललंय ते.”